सतरा फुटी काडी

गल्लीत नाही जमत.
भिंतीपलीकडं बत्तीस माग, आणि प्रत्येक मोटर
वीस मीटरच्या बँडवर आपलीच खरखर विणत बसते.
लाइट गेली की वीस-पंचवीस मिनिटं जग ऐकू येतं,
मग पुन्हा खटक खटक.

म्हणून हिप्परग्याच्या तलावाकडं.
स्कूटीवर पायाशी बॅटरी, पाठीला जुन्या चादरीत गुंडाळलेला अँटेना,
मागच्या सीटवर गाजूल मामा
आणि त्यांच्या मांडीवर सोळा तारांचं भेंडोळं.

तारा मामांच्याच.
जळलेल्या मोटारींच्या वाइंडिंगमधून सोडवलेलं तांबं,
टोकांचा लाखेचा थर ब्लेडनं खरवडून.
ज्या मोटारी मला ऐकू देत नव्हत्या,
त्यांच्याच पोटातलं हे.

एप्रिलची काळी माती भेगाळलेली,
खुंटी आत जाते आणि सैल होते.
चौथ्या ठिकाणी मुरूम लागला.
खाली कॉइल, वर काडी, एकेक नळी ओढून सतरा फूट.
मामा तारा पसरू लागले.
चाकाच्या आऱ्यांसारख्या, म्हटलं, मधून बाहेर.
त्यांना ते पटेना.
चाळीस वर्षं बीम भरले, ताणा म्हणजे शेजारी शेजारी, सरळ.
तरी पसरल्या. पण प्रत्येक तार
दोन बोटांत धरून, पीळ काढून, खडा ठेवून.

मेंढरांमागून एक पोरगा आला.
"गळ लई मोठा हाय की. मासं कुठं हायत?"
वर, म्हटलं.
त्यानं वर बघितलं. बराच वेळ.

मीटर मामांकडं, काडी माझ्याकडं.
उजवा कान मागानं नेलेला, डावा अर्धा,
त्यामुळं ते ओरडत नाहीत, बोटं दाखवतात,
शेडमधली भाषा, जी मला जन्मापासून येते.
तीन बोटं.
वरची नळी थोडी आत ढकलली.
दोन बोटं आणि एक वाकडं.
पुन्हा थोडी. दोन.
आणि मग मामांचा तळहात हवेत: सरक, लांब सरक.
मी दहा पावलं मागं गेले.
दीड.
जवळ आले, दोन. लांब गेले, दीड.

माझं अंगच मोजलं जात होतं.
रक्त, घाम, बांगड्या, काय काय असेल,
मी हात लावून उभी असले की
काडी खरं बोलत नाही.
मग तसंच चाललं:
केसभर ढकल, मागं पळ, मामांकडं बघ, परत ये.
वीतभराला थोडी कमी आत गेली तेव्हा
मामांनी एकच बोट धरलं
आणि दुसरं जरासं, नखापुरतं.
"अम्मायी, पुरे," ते ओरडले. "जास्त ताणलं की तुटतं."
तुटत नाही, पण पुरे.

साडेसहाला बँड उघडला.
मीच हाक घालत राहिले, सात वेळा, आठ वेळा,
आणि पाण्यावरून आल्यासारखा एक माणूस आला,
अल्माटी, नाव अर्धंच कळलं,
येत होता, बुडत होता.
गाव कुठलं, विचारलं त्यानं.
सिएरा, ऑस्कर, लिमा, आल्फा, पापा...
मी थांबले. आमच्या गावात कुठं आहेत ही माणसं?
युनिफॉर्म, रोमिओ.
त्यानं परत म्हटलं, एक अक्षर चुकवून.
तेवढ्या चुकीचं सोलापूर
आता तिकडच्या वहीत असेल.

मामांनी स्पीकरच्या जाळीवर बोट टेकवलं होतं.
"बोलायलाय का?"
बोलायलाय.
"काय म्हणतो?"
पाच-तीन म्हणतो. ऐकू येतंय, पण क्षीण.
मामा हसले. "माझ्यापेक्षा बरं आहे की मग."

अंधारात तारा गोळा केल्या.
पंधराच भरल्या.
बॅटरीच्या उजेडात दोनदा मोजल्या, पंधरा.
मामा म्हणाले राहू दे,
जमिनीला एक लागतेच.
पण स्कूटी सुरू केल्यावरही
ते मान वळवून मागं बघत होते,
बीममधला एक धागा सुटलाय, तसे.